पडवीतला संसार

आमच्या घरात खेळण्यांची दिवाळी खऱ्या दिवाळीनंतर यायची. आधी घराची पाळी. भिंतींना पांढरी माती, उंबऱ्याला गेरू, माळ्यावरची भांडी खाली, गोधड्या नदीवर. ते सगळं उरकलं आणि फराळाचे डबे तळाला लागले, की आई कंबरेला पदर खोचून म्हणायची, "चला बाई, आता तुझा पसारा काढ."

पसारा! त्या शब्दाचा मला असा संताप यायचा म्हणून सांगू. तिची फळी तेलाने चिकट झाली तरी तो संसार, आणि माझी भातुकली म्हणजे पसारा. मी फणकाऱ्याने म्हणायचे, "पसारा न्हाई, घर हाय माझं."

"घर हाय ना? मग घरासारखं ठिव," आई म्हणायची, आणि चिंचेचा कोळ नि राखेचं मडकं माझ्यापुढे आदळायची.

राहुरीपासून कोसभर अंतरावर आमची वस्ती होती. पुढे अंगण, मागे गोठा, मध्ये घर आणि घराला लागून पडवी. त्या पडवीचा पाटाकडचा कोपरा माझा. तिथे भिंतीत शेजारी शेजारी दोन कोनाडे होते. एकात पितळेची भांडी, दुसऱ्यात बाहुल्या आणि बाकीचं जडजवाहीर, म्हणजे चिंचोके, सागरगोटे, बांगड्यांच्या काचा आणि रिकाम्या काडेपेट्या एकमेकींना चिकटवून केलेलं खणांचं कपाट. वर्षातून एकदा हे सगळं अंगणात उन्हात यायचं. पितळ घासायचं. काडेपेट्यांच्या सुटलेल्या खणांना खळ लावायची. बाहुलीचं मळलेलं तोंड काढून नव्या चिंधीचं शिवायचं आणि काजळाने डोळे काढायचे. पोळ्याच्या मातीच्या बैलांपैकी शिंगं मोडलेले बादलीत भिजवायचे, आणि त्याच मातीत शेण कालवून कोपरा सारवायचा. पहिल्या वर्षी बैल विरघळताना बघून मी भोकाड पसरलं होतं. पुढे मीच पोळ्यापासून कोणाचं शिंग कधी मोडतंय ते बघत बसायचे, कारण बैलाच्या मातीने सारवलेली जमीन लई गुळगुळीत व्हायची.

भांडी आईच्या लहानपणची, तिच्या माहेराहून आलेली. परात, तवली, पाटा-वरवंटा, जातं, पाणी तापवायचा इवलासा बंब, सगळं होतं. चूल तेवढी नव्हती, ती आईच्याच हातून कधी हरवलेली. मग दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मुळा नदीच्या पात्रातून मला तीन दगड आणून दिले. काळे, गुळगुळीत, एकसारखे. कोपऱ्याच्या मध्यावर मी ते मांडले आणि सगळ्या वस्तीला जाहीर केलं की या दगडांना जो हात लावेल त्याचा हात मी मोडीन. आणि मी मोडलाही असता. मला सगळे बिचकूनच असायचे. तापटपणा माझा जन्माचाच आहे, आजही घरात मी चहा पिऊन होईपर्यंत कुणी मला काही विचारत नाही.

मोठा दुष्काळ पडला, त्याच्या आदल्या हंगामातली ही गोष्ट. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होते. खेळण्यांची दिवाळी नुकती झाली होती, कोपरा सारवून वाळला होता आणि मी कोनाड्यापुढे रांगोळीचं बोट ओढत होते, तेवढ्यात अंगणात बैलगाडी येऊन थांबली.

गाडीत आत्या होती. दादांची चुलत बहीण, जामखेडकडे दिलेली. तिकडे पाऊस रुसलेलाच, त्यामुळे दिवाळी झाली की आत्या आणि तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, गाडी जुंपून इकडे ऊसतोडीला यायचे. ऊस संपेपर्यंत पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीत राहायचं, एका गावचा ऊस तोडून झाला की टोळीबरोबर पुढच्या गावाला हलायचं. नातं घरचं असलं तरी आत्या मोठी मानी, बाजाराच्या दिवशी घटकाभर टेकायची आणि निघायची. त्या दिवशी मात्र तिने गाडीतून आपली पोरगी उचलून आमच्या पडवीत आणून ठेवली. सहा वर्षांची असेल. तोडलेल्या उसाचा टोकदार सड तिच्या तळपायात घुसून पाय गाडग्याएवढा सुजला होता. डॉक्टरांनी पू काढून पट्टी बांधली होती आणि फडात पाय ठेवायचा नाही म्हणून बजावलं होतं.

"पाय बरा झाला की नेते," आत्या आईला म्हणाली. "वहिनी, हिला काई लागत न्हाई. कोपऱ्यात पडून ऱ्हाईल."

कोपऱ्यात! माझ्या लेखी पडवीला कोपरा एकच, आणि तो माझा.

आत्या गेली. पोरगी रडली नाही. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं एक गाठोडं मांडीवर घेऊन ती रस्त्याकडे तोंड करून बसली. गाठोड्यात एक चिंध्यांची बाहुली, एक करवंटी आणि एक पत्र्याचा पेला. एवढाच तिचा खेळ. आईने ते पाहिलं आणि मला बोलावून सांगितलं, "दुसरा कोनाडा रिकामा कर. तो हिला."

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण आईने पोळपाटावरचा हात थांबवून माझ्याकडे नुसतं बघितलं, एवढं आठवतं. मी काडेपेट्यांचं कपाट, चिंचोके, सागरगोटे सगळं धुसफुसत पहिल्या कोनाड्यात कोंबलं. दुसरा पुसून दिला. तिने त्यात काहीही ठेवलं नाही. गाठोडं मांडीवरच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर दोन्ही कोनाडे रिकामे! माझी परात नाही, बंब नाही, बाहुल्या नाहीत. आणि दाराशी बघते तर ते लुगड्याचं गाठोडं टम्म फुगलेलं, वर घट्ट गाठ, आणि गाठीशेजारी ती बसलेली.

"चोरटी!" मी किंचाळले. "आई गं, हिनं माझं सगळं चोरलं!"

ती घाबरली नाही. उलट तिलाच माझं नवल वाटलं. "चोरलं न्हाई. बांदलं."

"बांदलं? कशापायी?"

"जायाचं असतंय ना," ती म्हणाली.

मी तिच्या हातातून गाठोडं ओढलं, सोडलं, एकेक वस्तू मोजल्यासारखी काढली. सगळं होतं. भांडी चिंध्यांत गुंडाळलेली, लहान मोठ्याच्या पोटात बसवलेलं, बाहुल्या सगळ्यांत वर, म्हणजे त्यांना भार लागू नये. एवढं नीट माझ्या आईनेसुद्धा कधी बांधलं नसतं, पण हे कबूल करायची माझी तयारी नव्हती. चुलीचे दगड तेवढे जागच्या जागी होते.

"मग हे का न्हाई बांधलंस?" मी टोमणा मारला.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू काही मीच सहा वर्षांची. "चुलीचे दगड कोन नेतंय? दगड जाईल तितं घावत्यात."

झालं, तेव्हापासून रोजचा शिमगा सुरू झाला. सकाळी शाळेला जायच्या आधी मी सगळं कोनाड्यात मांडायचे, संध्याकाळी दिवेलागणीला ती सगळं बांधायची. दिवसभर ती खेळायचीही छान. करवंटीत मातीचं पीठ मळायची, माझ्या तीन दगडांवर तवली चढवून हुबेहूब फुंकर घालायची, डोळ्यांत धूर गेल्यासारखं करायची. पण ऊन कललं की काय व्हायचं कोण जाणे, एकेक भांडं उतरवायची, झटकायची आणि गाठ मारायची. मी ओरडायचे, ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझ्यावर कुणी उलट ओरडलं तर मला सोपं जातं. ही ऐकून घेणारी माणसं मला फार जड जातात.

मी आईकडे गाऱ्हाणं नेलं. आई हसायलाच लागली. "तू मांडतीस, ती बांधती. दोघी मिळून एक बाई पुरी व्हईल."

"तुला हसू सुचतंय!"

"मग काय रडू? पोर हाय ती. तिची आई करती त्येच ती करती. तू न्हाई का माझ्यावानी कंबरेवर हात ठिवून उभी ऱ्हात?"

मी कंबरेवरचे हात काढले.

मग एका बाजाराच्या दिवशी आत्या आली. पाय बघितला. जखम अजून ओली होती. चहा पिता पिता तिने आईला हळूच सांगितलं की इकडचा ऊस संपत आला, टोळी दोन दिवसांत श्रीरामपूरच्या बाजूला हलणार, तिथून बाजाराला येणं काही होणार नाही. पोरीला पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत इथेच ठेवावी लागेल. पोरगी दाराआड उभी होती. तिने सगळं ऐकलं. आत्याने तिला जवळ घेतली, तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली, आणि पदर डोळ्याला लावून गेली. हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. ती लंगडत कोपऱ्यात आली, भर दुपारी सगळं बांधलं, आणि गाठोडं रस्त्याकडेला ओट्यावर ठेवून त्यावरच बसली.

मी शाळेतून आले, आईने सगळं सांगितलं, आणि ओट्यावर ही तशीच. मी चिडूनच विचारलं, "आता कशापायी बांधलंस? टोळी तर चालली ना तुझ्याबिगर?"

तिने रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "गेल्या साली माजा मातीचा बैल ऱ्हायला. कोपीत. झुंजुरकं, अंधारातच गाडी निघाली, आन् मी बांदला नव्हता. लई रडले. पर गाडी थांबत न्हाई. बांदल्यालं असतं त्येच येतं. बाकी ऱ्हातं." ती गाठीवरून बोट फिरवत राहिली. "आपुन बी तयार पायजे. न्हाई तर आपुन बी ऱ्हातो."

एवढीशी पोर, आणि रोज संध्याकाळी हे मनात घेऊन गाठ मारत होती. म्हणजे आईबाप नेमके कधी येतील ते हिला ठाऊक नाही, आणि ते आले त्या घटकेला आपण तयार नसलो तर गाडी आपल्याला सोडून जाईल, ही हिची धास्ती. माझा राग तिच्यावरून उठला तो थेट गाडीवर जाऊन बसला. थांबत नाही म्हणजे काय? बैल आहेत ना, की आगगाडी आहे?

"ऊठ," मी म्हणाले. "आपली टोळी हलायची हाय."

तिने मान वर केली.

"बघतीस काय? गाडी जुंप!"

गाडी तिनेच केली. ज्वारीच्या धाटाची, चिपाडांची चाकं, काट्यांच्या खिळी. तिच्या बोटांना ते काम पाठ होतं. पोळ्याच्या बैलांतले दोन न मोडलेले निवडून जुंपले. गाठोडं काही त्या गाडीवर मावेना, ते मी डोक्यावर घेतलं. आणि आमची टोळी पडवीतून निघाली ती गोठ्यात जाऊन उतरली. तिथे तिने गव्हाणीमागे पाचटाची कोपी केली, आणि चुलीला दगड शोधले. दगड उचलायचा, तळहातावर तोलायचा, टाकायचा, दुसरा घ्यायचा. बघता बघता चूल तयार. मी नाक मुरडून म्हणाले की माझ्या दगडांची सर यांना नाही. तिने खांदे उडवले. भाकरी शिजली म्हणजे झालं, असं तिचं एकंदर म्हणणं.

त्यानंतर आमची टोळी रोज हलायची. आज गोठा, उद्या शेवग्याखाली, परवा विहिरीच्या थारोळ्याशी, मोटेचं पाणी पडतं तिथे, आणि फिरून पडवी. मी मुकादम. हुकूम सोडायला मला कोणी शिकवायची गरज नव्हती. एका पहाटे दादा गोठ्यात गेले आणि तिथूनच ओरडले, "अगं, बैलाच्या तोंडात बाहुली हाय! कुनी घातली ही गव्हाणीत?" माझ्या बाहुलीचं एक पाऊल गेलं. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "आधी एक कोपरा पसारा हुता, आता सगळी वस्ती पसारा झाली." पण तिने आम्हाला थांबवलं नाही. उलट तिखटाची एक रिकामी पिशवी धुऊन दिली, गाठोड्याच्या आत भांडी वाजू नयेत म्हणून. गाडी निघायची तेव्हा मी दर वेळी मोठ्याने विचारायचे, "कुनाचं काई ऱ्हायलं का?" ती सगळीकडे हिंडून बघायची. "न्हाई ऱ्हायलं," म्हणायची. मगच मी गाडी हाकायचे. हे आमच्या टोळीचं पहिलं कलम.

थंडी सरली. पाय भरला, ती पळायला लागली. होळीच्या सुमाराला एका संध्याकाळी आमचा मुक्काम पडवीत होता. ऊन कललं तशी मी उठले, परात झटकली. ती चुलीपाशीच बसून राहिली.

"चल की. हलायचं न्हाई?"

"आज नगं," ती म्हणाली. "भाकरी चुलीवर हाय. आज हितंच ऱ्हाऊ."

मी परात खाली ठेवली. तिने आपली बाहुली उचलली, दुसऱ्या कोनाड्यात आडवी केली आणि वरून लुगड्याचा तो तुकडा पांघरला. गाठोड्याचाच तुकडा! मला आनंदाने ओरडावंसं वाटलं, पण ओरडले तर ती पुन्हा बांधायला घेईल या भीतीने मी मुकाट्याने आईला पडवीच्या दारात बोलावून नुसतं बोटाने दाखवलं. आईने पाहिलं. माझ्या पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी तिने शेणाची पाटी आणली आणि म्हणाली, "नीट ऱ्हायचंय तर नीट सारवून घ्या." आम्ही दोघींनी कोपरा पुन्हा सारवला, दगडांच्या कडेकडेने. तिने बोटांनी अर्धगोल काढले, मी त्यांवर रांगोळी ओढली. करवंटी आणि पेला बाहुलीशेजारी गेले. त्या दिवसापासून तिने एकदाही गाठ मारली नाही.

आणि गाडी आली ती नेमकी तेव्हाच, चैत्रातल्या एका सकाळी. घुंगरं वाजली, मामांचा आवाज आला, "वहिनी, पट्टा पडला! उन्हाच्या आत निघू म्हनतो. पोरीला आना."

ती चुलीपाशी बसली होती, हात मातीच्या पिठात. मी तिच्याकडे बघितलं. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. कोनाड्यात बाहुली, पेला इकडे, करवंटी तिकडे, लुगड्याचा तुकडा दोरीवर वाळत. काहीच बांधलेलं नव्हतं. एवढे महिने तयार राहिली आणि नेमकी आज नव्हती.

"गाडी थांबवा!" ती एकदम किंचाळली. "थांबवा वो! माजं बांदायचंय! मला सोडून जाऊ नगा!" आणि इतक्या दिवसांत कधी न रडलेली ती पोर अंग टाकून रडायला लागली. मी पडवीतून धावत गेले आणि बैलांच्या पुढ्यात दोन्ही हात पसरून उभी राहिले. "मामा, गाडी हाकली तर बघा!"

मामा माझ्याकडे बघत राहिले. मग खाली उतरले, जू उचललं आणि बैल सोडले. वैरणीची पेंढी टाकली. पडवीच्या पायरीशी येऊन उकिडवे बसले. "बांद, बाळा," ते म्हणाले. "सावकाश बांद. बैल सोडल्यात बघ. तू म्हनशील तवा जुंपतो." आत्या आत गेली, लेकीला पोटाशी धरून बसली, आणि दोघीही मनसोक्त रडल्या.

मग ती बांधायला बसली. सगळी वस्ती बघत होती, पण तिला घाई नव्हती. माझी परात, तवली, बंब पुसून माझ्या कोनाड्यात लावले. पाऊल नसलेली बाहुली जपून टेकवली. मग आपला तुकडा पसरला. त्यावर पेला, करवंटी, बाहुली. आणि मग चुलीकडे वळून तिने माझा एक दगड उचलला आणि तुकड्यावर ठेवला. मग दुसरा.

"अगं येडे," आत्या डोळे पुसता पुसता हसली, "दगड कशापायी? आपल्याकडं दगडाबिगर हाय काय दुसरं?"

"तसले नव्हं," ती म्हणाली. "ह्ये घरचे हायत."

आई, दादा, सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण त्या दगडांची जरब सगळ्यांना माहीत होती. तिसरा दगड हातात धरून तीही माझ्याकडेच बघत होती. मी तिच्या हातातून दगड घेतला.

"जड वस्तू खाली घालायची," मी म्हणाले. "बाहुली दबंल ना." आणि बाहुली उचलून तिन्ही दगड तळाशी नीट बसवले, वर बाहुली ठेवली, आणि गाठ मीच मारली. मग मोठ्याने विचारलं, "कुनाचं काई ऱ्हायलं का?"

तिने कोनाड्यात बघितलं, चुलीच्या जागी बघितलं, माझ्याकडे बघितलं. "न्हाई ऱ्हायलं," ती म्हणाली.

गाडी पाटाच्या वळणाआड गेल्यावर मी कोपऱ्यात येऊन बसले. पितळ सगळं जागच्या जागी होतं, मला हवं होतं तसं. सारवलेल्या जमिनीत दगडांखालच्या तीन जागा तेवढ्या कोऱ्या दिसत होत्या. आई शेणाची पाटी घेऊन आली, खाली बसली आणि म्हणाली, "दादा आनतील दुसरे नदीवरून."

"नगंत," मी म्हणाले. "आन् तेवढ्या जागा सोडून सारव."

आईने हात वळवून त्या तीन जागांच्या कडेकडेने सारवलं.